गाडी तिकडे, आम्ही इकडे

सोलापुरात चढ म्हणजे रेल्वेचा उड्डाणपूल. त्याहून मोठा चढ हवा असेल तर पुण्याच्या दिशेने अडीचशे किलोमीटर जावं लागतं. म्हणून आम्ही सोलापूरकर डोंगरात गेलो की हावरटासारखं वागतो. एवढ्या लांब आलोय तर एका किल्ल्यावर भागत नाही. राजगड चढून तोरण्यावरून उतरू, घाटमाथ्यावरून कोकणात उतरू, असं काहीतरी डोक्यात येतं. आणि तिथंच घोडं अडतं, कारण गाडी राहते चढलो त्या गावात आणि आपण उतरतो भलत्याच गावात.

गेल्या वर्षी नुसता तोरणा केला, तरी फजिती झाली. वेल्ह्यात उतरलो तेव्हा अंधार पडलेला. ओळखीच्या ओळखीतून फोनवर ठरवलेली जीप आलीच नाही आणि शेवटचं वडाप निघून गेलेलं. दुधाच्या टेम्पोत कॅन धरून बसलो आणि नसरापूर गाठलं. टेम्पोवाल्याने एक रुपया घेतला नाही, पण दाजी ती रात्र अजून ऐकवतात. या वेळी ठरवलं, आधी गाडीचं बघायचं, मग किल्ल्यांचं.

निघण्याआधी

माणसं चार. मी, बायको, दाजी आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला पुतण्या. पुतण्याने पहिल्यांदा सुचवलं की दोन गाड्या न्यायच्या, एक चढायच्या गावात आणि एक उतरायच्या गावात लावायची. चार माणसांसाठी सोलापुरातून दोन गाड्या, म्हणजे डिझेल दुप्पट. ते बारगळलं. मग त्याने किल्ल्यांची अदलाबदल काढली. पुण्याचे त्याचे मित्र तोरण्याकडून चालत येतील, आम्ही राजगडाकडून, मध्ये भेटून गाड्यांच्या किल्ल्या बदलायच्या. ऐकायला झकास. बायको म्हणाली, "आणि चुकामूक झाली तर? त्यांची गाडी इकडे, आपली तिकडे, आणि किल्ल्या दोन डोंगरांवर." तेही बारगळलं.

राहिला ड्रायव्हर. बाहेरगावच्या भाड्याला ट्रॅव्हल्सवाले किलोमीटरवर पैसे लावतात आणि दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. आमची गाडी दिवसभर झाडाखाली उभी राहणार, तरी ३०० चे पैसे द्यायचे. म्हणून स्वतःची गाडी स्वतः चालवणारा माणूस शोधला. सोलापूरच्या पूर्व भागातले मामा सापडले. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, अक्कलकोट ओलांडलं की कन्नड. ठरलं ते असं: गाडी दिवसावर, डिझेल आणि टोल आमचा, जेवण आमच्याबरोबर, रात्रीचा भत्ता वेगळा. मामांनी एकच विचारलं, "मालक, तुम्ही चालणार आणि मी बसणार, आणि पैसे मला?" मी म्हणालो, "बसायचेच पैसे आहेत मामा. पण बरोबर जागी बसायचं."

हे गंमतीत म्हणालो खरं, पण सगळी सहल त्यावरच टेकलेली होती. गाडी वेळेवर दुसऱ्या टोकाला येणार असेल तरच पाठीवर कमी घेता येतं. झोपायचं सामान, कपडे, जास्तीचं पाणी, औषधं सगळं गाडीत. पाठीवर फक्त दिवसापुरतं.

दिवसापुरतं म्हणजे किती, यावर मात्र वाद. शेवटी सगळ्या पिशव्या दाजींच्या टॉवेलच्या कारखान्यात नेऊन सुताच्या काट्यावर ठेवल्या. माझी साडेचार किलो, बायकोची चार, पुतण्याची पाच. दाजींची सव्वासात. उघडली तर आत तीन ताळी स्टीलचा डबा, सेलची जुनी बॅटरी आणि घडी घातलेली चादर. "अहो दाजी, चादर कशाला?" तर म्हणे, सोलापूरचा माणूस चादरीशिवाय घराबाहेर पडला तर लोक काय म्हणतील. चादर गाडीत गेली आणि तिला सोबत म्हणून आणखी दोन गेल्या.

खाण्याच्या बाबतीत आपण जन्मजात हलके. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरी पापडासारखी वाळलेली, वजन नाही, दिवसचे दिवस टिकते, आणि पिशवीत चुरा झाला तरी बिघडत नाही, चटणी-तेलात कालवून खाता येते. पाकिटातले महागडे बार पुतण्याने आणले होते, ते दुसऱ्या दिवशी सगळे मामांनी संपवले.

मामांसाठी मी एक कागद लिहिला, मोठ्या अक्षरात. डोंगरात फोन लागेलच असं नाही, म्हणून "पोचलो की फोन करतो" हा शब्दच काढून टाकला. जागा, वेळ, आणि आम्ही आलो नाही तर कधीपर्यंत थांबायचं, एवढंच. गुरुवार: दुपारी १२ ते २ खिंडीत. संध्याकाळी ५ पासून वेल्हे स्टँड. रात्री ८ पर्यंत दिसलो नाही तर गावात सांगायचं. शुक्रवार: दुपारी १, शिवथर. मामांनी कागद वाचला, काचेखाली समोर खोचला. मला वाटलं, झालं काम.

बुधवार: सोलापूर ते गुंजवणे

सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे गड्डा, उठून दोन आठवडे झाले होते. दुपारी एकला निघालो. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस, एकेक टोलनाका मागे टाकत, भिगवणला चहा. पुण्याच्या गर्दीत शिरायचं नव्हतं, म्हणून उरुळी कांचनला वळून शिंदवणे घाटाने सासवड, तिथून नारायणपूरवरून कापूरहोळ. मग हायवेने पुण्याकडे जरासं मागं येऊन चेलाडी फाट्याला आत. रात्री आठला गुंजवण्यात एका घरात मुक्काम. पिठलं, भाकरी, इंद्रायणीचा भात. मामांनी भाताचा वास घेतला आणि तांदळाचा भाव विचारायला सुरुवात केली.

गुरुवार: राजगड ते तोरणा

पहाटे साडेपाचला निघालो. मामा झोपलेले. त्यांना दुपारपर्यंत कामच नव्हतं.

गुंजवण्यातून चोर दरवाज्याची वाट म्हणजे सुरुवातीला बरी आणि शेवटी छातीवर येणारी. रेलिंगला धरत पावणेआठला दरवाज्यातून वाकून आत शिरलो की समोर पद्मावती तळं. सूर्य नुकता वर आलेला, तळ्यावर वाफ. मधला वार असल्याने गडावर माणूस नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात राजगड आहे, तोरणा नाही. दाजींना हे काही पटलेलं नाही. "१६४६ ला तोरणा आधी घेतला. तिथं धन सापडलं, त्यातून हा बांधला. मग यादीत बाप कुठं गेला?" धनाची गोष्ट परंपरेने सांगतात तशी ते सांगत होते, पण दाजींशी सकाळी आठला वाद घालायचा नसतो.

बालेकिल्ला सोडून दिला. तो केला तर तोरणा अंधारात गेला असता. सरळ संजीवनी माचीकडे. ही माची बघायलाच खरं तर एक दिवस हवा. लांबच लांब, टप्प्याटप्प्याने उतरत जाणारी, बुरुजांना बाहेरून दुसरी भिंत, आणि दोन भिंतींच्या मधून माणूस जेमतेम जाईल एवढी फट. पुतण्या त्या फटीत शिरून दिसेनासा झाला आणि मी त्याला हाका मारत असताना माझ्या उजव्या पायाला काहीतरी फटफटायला लागलं.

खाली बघतो तर बुटाचा तळ अर्धा सुटलेला. बूट चांगले होते, कंपनीचे, महागातले. चार वर्षांत जेमतेम पाच वेळा वापरलेले. पण हेच कारण. तळाच्या वरचा जो मऊ थर असतो तो पॉलियुरेथेनचा, आणि तो हवेतल्या दमटपणाने आतल्या आत कुजत जातो, बूट कपाटात ठेवला तरी. उलट वापरात नसला तर आणखीच. वरून नवा कोरा, आत ब्रेडसारखा भुगा. बोटाने दाबलं तर पिवळसर चुरा हाताला लागला. पुतण्याने एका बुटाची नाडी काढून तळ बुटाला गुंडाळून बांधला, वर चिकटपट्टीचे चार वेढे. "काका, खिंडीपर्यंत पुरेल." दुसरे बूट गाडीत होते. गाडी खिंडीत येणार होती. येणार होती का?

अळू दरवाज्यातून बाहेर पडलो तेव्हा दहा वाजून गेले होते. इथून तोरण्यापर्यंत डोंगराची एक लांब सोंड आहे. कधी कारवीच्या रानातून, कधी उघड्या धारेवरून, दोन्हीकडे दरी. फेब्रुवारीत गवत पिवळं पडून वाळलेलं, त्यावरून पाय घसरतो. माझा तर प्रत्येक दहाव्या पावलाला. बायको मागून येत होती, म्हणाली, "अहो, तुमचा बूट टाळ्या वाजवतोय." वाटेत खात्रीचं पाणी नाही. एरवी इथं माणशी तीन-चार लिटर घेऊन चालावं लागतं. आम्ही दोनच घेतलं होतं, कारण मध्ये खिंड आहे.

ही खिंड म्हणजे या अख्ख्या वाटेची किल्ली. राजगड आणि तोरण्याच्या मधल्या सोंडेवरून वेल्ह्याकडून भुतोंड्याला जाणारा डांबरी रस्ता ओलांडतो. बहुतेक लोक तो नुसता ओलांडून पुढं जातात. पण गाडी तिथं येऊ शकते! मग वाट एक राहत नाही, दोन अर्ध्या होतात. पाणी अर्धं, जेवण गाडीत, आणि कुणाला नाहीच जमलं तर तिथून गाडीत बसून सरळ वेल्हे. पुढे मात्र तोरण्यापर्यंत सुटका नाही, म्हणून निर्णय खिंडीतच घ्यायचा.

साडेबाराच्या सुमाराला एका टेकाडावरून खाली वळणावर पांढरा ठिपका दिसला. दाजींनी चष्मा पुसला. "आपलीच का?" पुतण्याने मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघितलं. छतावर काहीतरी रंगीत पसरलेलं होतं. सोलापुरी चादर. मामांनी ओळख पटावी म्हणून वाळत घातल्यासारखी टाकली होती.

खिंडीत सव्वाला पोचलो. मामांनी वेल्ह्यातून ताक आणलं होतं, किटली ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवलेली. डोंगरात बारा वर्षं येतोय, पण असं ताक कधी प्यालो नाही. मी बूट बदलले. तुटका जोड मामांनी उचलून उलटसुलट बघितला आणि सीटखाली टाकला. दाजी गाडीच्या दारात बसून गुडघा चोळत होते. मी काही बोललो नाही, पाच मिनिटांनी तेच म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही जावा. मी आणि मामा वेल्ह्यात भजी खातो." गेल्या वर्षी हेच दाजी असल्या गुडघ्याने तोरणा उतरले होते, कारण दुसरा इलाजच नव्हता.

पुढचं चढण राजगडापेक्षा वाईट. ऊन डोक्यावर, घसाऱ्याची माती, मग खडक, मग लोखंडी शिडी. बुधला माचीवर आलो तेव्हा साडेचार. मागे वळून बघितलं तर राजगड आडवा पसरलेला आणि आम्ही चाललेली सोंड मध्ये पडलेल्या दोरीसारखी. तोरणा १४०३ मीटर. मेंगाई देवीच्या देवळाच्या ओट्यावर दहा मिनिटं पाठ टेकली, तेवढंच. बिनी दरवाज्यातून उतरायला लागलो आणि शेवटचा अर्धा तास बॅटरी लावून चाललो. वेल्ह्यात सात. स्टँडवर गाडी, गाडीत दोन माणसं चादर पांघरून झोपलेली. काच ठोठावली तर मामा खडबडून म्हणाले, "मालक, आठला गावात सांगणार होतो."

शुक्रवार: मढे घाट

या दिवशी चाल कमी होती आणि गाडीचं काम जास्त. केळद घाटमाथ्यावर आहे. तिथून मढे घाटाने कोकणात उतरायला आम्हाला तीन तास. पण गाडीला सरळ खाली उतरायला रस्ता नाही. मामांना वेल्हे, नसरापूर, भोर, मग वरंध घाट उतरून बारसगाव आणि तिथून शिवथरच्या खोऱ्यात आत यायचं होतं. मीटरवर १३० किलोमीटरच्या पुढे भरलं. माणूस कड्यावरून उतरतो आणि गाडी त्याच कड्याला प्रदक्षिणा घालते. पावसाळ्यात तर हे जमतच नाही, वरंध घाट बहुतेक वेळा बंद असतो.

आठला मामांनी आम्हाला केळदला सोडलं आणि लगेच निघाले. दाजी गुडघ्यावर पट्टी बांधून आमच्यात. चढ नाही म्हणून तयार झाले. लक्ष्मी धबधब्याच्या जागी नुसता काळा ओला कातळ. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटाने उमरठ्याला नेला असं सांगतात. आम्हाला रिकाम्या हाताने उतरताना पाय कुठं ठेवावा कळत नव्हतं. जुनी वाट आहे, काही ठिकाणी दगड नीट बसवलेले, बाकी सुटी वाळू आणि पानांचा खच. दाजी काही ठिकाणी सरळ बसून उतरले. साडेअकराला रानवडी, तिथून रस्त्याने चालत कसबे शिवथर. बरोबर एक वाजता आम्ही एका दुकानाच्या फळीवर बसलो होतो.

दीड वाजला, दोन वाजले. फोनला रेंज नाही. आदल्या दिवशीच्या ताकाच्या आठवणीवर किती वेळ काढणार? पाणी संपत आलं. तेव्हा लक्षात आलं की चौघांकडे मिळून एक रुपया नाही. वजन कमी करायच्या नादात पाकिटंसुद्धा गाडीत ठेवली होती. फोनने पैसे द्यायचे तर रेंज नाही. बायकोने दुकानातल्या मावशींना विचारलं, चहा मिळेल का, पैसे गाडी आली की देतो. मावशी म्हणाल्या, "गाडी कुठं येणार हाय?" मी म्हणालो, "इथंच, शिवथरला."

"कुठल्या शिवथरला?"

मी गप्प. "तीन हायती," मावशी म्हणाल्या. "हे कसबे. एक आंबे शिवथर, एक कुंभे शिवथर. आणि बाहेरच्या गाड्या समद्या घळीवर जात्यात."

मी कागदावर नुसतं शिवथर लिहिलं होतं. नकाशात तिन्ही नावं बघितली होती, आणि तरी. मामा बिचारे विचारत विचारत गेले असणार आणि सोलापूरची गाडी बघून प्रत्येकाने त्यांना घळीकडेच पाठवलं असणार. समर्थ रामदासांनी दासबोध लिहिला म्हणतात ती घळ. दाजी म्हणाले, "मामांचं पुण्य झालं, आपला उपास."

चहा प्यालो, बिस्किटंही घेतली. मावशींनी वहीत लिहून घेतलं: "सोलापूरवाले, ४ चा, २ पुडे." तेवढ्यात घळीकडे निघालेला एक मुलगा मोटारसायकल घेऊन थांबला. त्याला सांगितलं, एमएच १३ ची पांढरी गाडी, छतावर बहुतेक चादर असेल. तो हसला. पावणेचारला मामा आले. छतावर खरंच चादर होती. एक वाजल्यापासून घळीच्या पार्किंगमध्ये थांबले होते, कागद हातात घेऊन. "मालक, मी तर शिवथरलाच होतो," एवढंच म्हणाले, आणि ते खरंच होतं. मावशींचे पैसे दिले, मावशींनी वहीवर काट मारली.

घळीत आम्हीही जाऊन आलो. आत गार, बाहेर ओढ्याचं थोडं पाणी. मग वरंध घाट चढताना वाघजाईपाशी कांदाभजी, आणि भोरमध्ये मुक्काम. रात्री बायकोने प्रत्येकाच्या मोबाईलच्या कव्हरमध्ये शंभराच्या दोन नोटा घडी करून घातल्या.

शनिवार: रायरेश्वर आणि घर

केंजळगडावरून रायरेश्वर असा बेत होता. तो सकाळी चहाबरोबरच संपला. दाजींचा गुडघा सुजलेला, बायकोच्या पायाला फोड. मी आणि पुतण्याच रायरेश्वरला गेलो. कोर्ले गावाकडून गाडी बरीच वर जाते, मग शिडी. वर पठारावर देऊळ आणि जंगमांची घरं. त्याच वाटेने परत. दोन टोकांचा प्रश्न नाही, म्हणून मामाही आमच्याबरोबर वर आले. तीन दिवसांत पहिल्यांदा चालले आणि शिडीवर आमच्या पुढे. वर जाऊन त्यांनी घरी व्हिडिओ कॉल लावला आणि तेलुगूत पाच मिनिटं पठार दाखवलं.

परतीला भिगवणला मासे. दाजी शाकाहारी, ते गाडीत कडक भाकरी खात बसले. हिशेब तिथेच केला. मीटरवर ९०० च्या आसपास किलोमीटर झाले होते. किमान ३०० च्या हिशेबाने चार दिवसांचे १,२०० मोजले असते. वाचले त्यातून मामांना भत्त्यावर थोडे जास्त दिले, त्यांनी आधी नको म्हटलं, मग घेतले. समोर खोचलेला कागद काढून त्यावर शिवथरच्या पुढे पेनने "कसबे" लिहिलं आणि परत खोचला.

रात्री साडेदहाला घरी. चादरी तीन, रिकामे बाटले आठ, चटणीचा अर्धा डबा. तुटका बूट गाडीतच राहिला. परवा मामांचा फोन आला, "मालक, सीटखाली एक जोड आहे. टाकू का ठेवू?"